तुमच्या नावाने आलेला खोटा ईमेल आणि तुमचे खरे ईमेल

मुंबई, २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. ग्राहकसेवा विभागप्रमुख आणि मा. माहितीसुरक्षा विभागप्रमुख,
ऑनलाइन विक्री करणारी एक मोठी कंपनी

विषय : आपल्या नावाने येणारे बनावट ईमेल आणि ते ओळखण्याचे सगळे ओझे ग्राहकावर टाकणारे आपले धोरण

महोदय / महोदया,

वर आपल्या कंपनीचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. ते घातले असते तर बाकीच्या कंपन्यांनी हे पत्र आपल्यासाठी नाही असे समजून पान उलटले असते, आणि मी पुढे जे मांडणार आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांना लागू आहे. माझी तक्रार आपल्या दप्तरी नोंदलेली आहे, त्यामुळे हे पत्र कोणाला आहे हे आपल्याला कळेल.

२९ ऑक्टोबरला आपण माझी तक्रार निकाली काढली. उत्तर तीन ओळींचे होते. सदर ईमेल आमच्या यंत्रणेतून गेलेला नाही, त्यामुळे त्याबाबत आम्ही काही करू शकत नाही, ग्राहकांनी सतर्क राहावे. अर्ध्या तासाने दुसरा ईमेल आला : आमची सेवा कशी वाटली ते एक ते पाच ताऱ्यांत सांगा, खालचे बटण दाबा. हा दुसरा ईमेल आपल्या पत्त्यावरून आलेला नव्हता. पाठवणाऱ्याच्या जागी आपले नाव होते, पण पत्ता मी कधी न ऐकलेल्या कंपनीचा होता आणि बटणाखालची लिंक त्याहून निराळ्या, तिसऱ्याच ठिकाणी नेणारी होती. ज्या खोट्या ईमेलने माझे पैसे गेले, त्याच्यापेक्षा हा अधिक खोटा दिसत होता. संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने तो नीट तपासला आणि हा खराच आहे असे सांगितले. त्याच संध्याकाळी हे पत्र लिहिण्याचे मी ठरवले.

मी गिरगावात, चाळीत राहते. चौतीस वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम केले. सुरुवात कांदेवाडीत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात झाली, जिथे ‘शुभदिनी’मधला ‘दि’ चुकून दीर्घ झाला तर पत्रिकांचा अख्खा गठ्ठा परत येत असे; पुढे पाठ्यपुस्तके, दिवाळी अंक आणि शेवटची काही वर्षे कोशाचे काम केले. हे बढाई म्हणून सांगत नाही. अक्षर न् अक्षर तपासण्याचा पगार घेतलेल्या बाईला जो ईमेल चकवून गेला, तो ‘ग्राहकांनी सतर्क राहावे’ या तीन शब्दांनी अडणार नाही, हे आपल्या लक्षात यावे म्हणून सांगते आहे.

घडले ते असे. ८ ऑक्टोबरला मी आपल्याकडून मिक्सर मागवला. दिवाळी तोंडावर आली होती, जुन्या मिक्सरचे भांडे खालून गळत होते, आणि पार्सल शनिवारी येणार म्हणून त्या हिशेबाने मी अनारशाचे तांदूळ बुधवारीच भिजत घातले होते. ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना माहीत आहे की ते तांदूळ रोज पाणी बदलत तीन दिवस भिजतात आणि मग थांबत नाहीत. उपसून, फडक्यावर पसरून, दमट असतानाच वाटावे लागतात. शुक्रवारी, १० तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास आपल्या नावाने इंग्रजीत ईमेल आला की पार्सल मुंबईच्या वितरण केंद्रात थांबवले आहे, पत्ता अपूर्ण आहे, चोवीस तासांत पत्ता निश्चित न केल्यास ते परत जाईल. चाळीचा पत्ता कुरियरवाल्याला अपुरा वाटणे ही आमच्याकडे रोजचीच गोष्ट आहे. कोणती वाडी, कितवी खोली, जिना पुढचा की मागचा, हे फोनवर सांगून सांगून तोंड दुखते. त्यामुळे त्या मजकुरात मला अविश्वसनीय असे काही वाटले नाही.

मी बटण दाबले. आपल्या रंगांचे, आपल्या चिन्हाचे पान उघडले. मी पत्ता पुन्हा लिहिला. शेवटी पार्सल पुन्हा पाठवण्याचे पंचवीस रुपये शुल्क होते आणि ते फक्त कार्डानेच भरता येत होते. कार्डाचा क्रमांक घातल्यावर ओटीपी आला, म्हणजे त्याचे सहा आकडे माझ्या फोनने आपणहून कीबोर्डाच्या वरच्या पट्टीत आणून ठेवले, आणि मी त्यावर बोट ठेवले. बँकेचा मेसेज मी उघडलाच नाही. त्या मेसेजात रक्कम स्वच्छ लिहिलेली होती : २४,८९९ रुपये. एका दृष्टिक्षेपाचे काम होते. जन्मभर जे केले ते त्या एका वेळी केले नाही, आणि याचे दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे.

रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला तेव्हा उलगडा झाला. भाच्याने फोनवरून सांगितले तसे मी आधी कार्ड बंद करवले आणि पस्तीस मिनिटांच्या आत १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्या घाईचा उपयोग झाला. नऊ हजार रुपये पुढच्या एका खात्यात अडकवून ठेवता आले. उरलेले १५,८९९ गेले. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी त्यानंतर मुळातून वाचले. त्रयस्थाच्या चुकीने अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे त्याने स्वतःच गुप्त माहिती दिल्याने नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. माझ्या बँकेने मला दुसऱ्या रकान्यात टाकले. फसवले जाणे आणि निष्काळजी असणे या दोन गोष्टी एका रकान्यात बसवणे मला पटत नाही, पण तो वाद माझा बँकेशी आहे, आपल्याशी नाही. आपणही माझे पैसे भरून द्यावेत अशी माझी मागणी नाही, हे आधीच स्पष्ट करते, म्हणजे आपल्या कायदा विभागाला पुढचे शांतपणे वाचता येईल.

तो ईमेल मी नंतर प्रूफ वाचतात तसा वाचला. छापून, पट्टी ठेवून, ओळीओळीने. इंग्रजीची एकही चूक नाही. बनावट ईमेल चुकीच्या स्पेलिंगवरून ओळखावा असे आपल्या मदतीच्या पानावर आजही लिहिलेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हवा तसा निर्दोष मजकूर मिनिटात लिहून मिळत असताना हा सल्ला आता निरुपयोगी आहे, किंबहुना घातक आहे, कारण चूक सापडली नाही की वाचणारा निश्चिंत होतो. खोट्या ईमेलच्या तळाशी करड्या बारीक अक्षरांत एक सूचनाही होती : ‘आम्ही आपल्याकडे कधीही ओटीपी मागत नाही.’ ती आपल्याच ईमेलमधून स्वल्पविरामासकट उचललेली होती.

मग खोटेपणा कुठे होता? तीन ठिकाणी होता. पहिले म्हणजे, मागवलेल्या वस्तूचे नाव आणि ऑर्डरचा क्रमांक कुठेही नव्हता. माझे नाव होते, ‘मिक्सर’ हा शब्द नव्हता. सणाच्या विक्रीच्या दिवसांत असा ईमेल लाखोंना पाठवला की कोणाचे ना कोणाचे पार्सल वाटेवर असतेच, त्यामुळे पाठवणाऱ्याला माझ्या मिक्सरची खबर असण्याचे कारण नव्हते. दुसरे म्हणजे शुल्क. पत्ता दुरुस्त करण्यासाठी आपण पैसे घेत नाही, हे मला नंतर कळले, आणि तेही आपल्या ईमेलमधून नव्हे, आपल्या नियमांच्या लांबलचक पानावरून.

तिसरे आणि सगळ्यात महत्त्वाचे ठिकाण पाठवणाऱ्याचा पत्ता. फोनवर तो दिसतच नाही. दिसते ते नाव, आणि नाव कोणीही काहीही घालू शकतो. नावाखालच्या छोट्या बाणावर बोट ठेवले तरच मूळ पत्ता उलगडतो. माझ्या ईमेलच्या पत्त्यात आपले नाव होते, त्यापुढे जोडरेघ, त्यापुढे ‘डिलिव्हरी’ हा इंग्रजी शब्द आणि शेवटी ‘डॉट शॉप’. जोशी आणि जोशी-पाटील ही जशी दोन वेगळी घरे, तसेच जोडरेघ लावलेले नाव हे संपूर्ण निराळे नाव असते आणि ते थोडेसे पैसे भरून कोणीही नोंदवू शकतो. लिंकचा पत्ता वाचण्याची रीत भाच्याने मला शिकवली, ती मला प्रूफवाचनातल्या एका जुन्या युक्तीसारखी वाटली : पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबायचे आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत यायचे. पाकिटावर जसे गाव शेवटी असते, तसा खरा मालक त्या शेवटच्या तुकड्यात असतो. गल्ली आणि खोली क्रमांक बरोबर असून गाव भलतेच असले तर पाकीट भलतीकडेच जाणार. आपले नाव ‘डॉट कॉम’सकट आधी येऊन त्याच्यापुढे आणखी एक नाव जोडलेले असेल, तर ती लिंक त्या शेवटच्या नावाची असते. शिवाय अक्षरांचे फसवे शेजार असतातच. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून आले की ‘एम’ दिसतो. ‘मॉडर्न’चे ‘मॉडेम’ झालेले मी प्रूफांत कितीदा पाहिले आहे. आणि संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह पाहा, हा सल्ला तर केव्हाच बाद झाला. त्या कुलपाचा अर्थ वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही एवढाच आहे, पलीकडे प्रामाणिक माणूस बसला आहे असा नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढूनही टाकले.

हे सगळे मी शिकले, आमच्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांना शिकवले. आता आपल्याविषयीच्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की वर सांगितलेली प्रत्येक कसोटी लावली तर आपले खरे ईमेल तिच्यात नापास होतात. ऑक्टोबर महिन्यात आपल्याकडून मला आलेले ईमेल मी वेगळे काढून पाहिले. ते चार वेगवेगळ्या पत्त्यांवरून आलेले आहेत. ऑर्डरचे एका पत्त्यावरून, जाहिरातींचे दुसऱ्या, परताव्याचे तिसऱ्या आणि ताऱ्यांचे त्या अनोळखी चौथ्या. त्यांतल्या लिंकवर बोट दाबून धरले तर आपले नाव दिसत नाही. कोणी कधी बटण दाबले याची मोजणी करणाऱ्या कंपनीचा, अर्धा पडदा भरेल इतका लांब, अक्षरे आणि आकडे यांचा कालवा असलेला पत्ता दिसतो. ‘शेवटचे दोन तास’, ‘ताबडतोब कृती करा’, ‘आपले खाते अपूर्ण आहे’ ही भाषा ठगांनी शोधलेली नाही. ती आपण वर्षानुवर्षे रोज आमच्या खिशात पाठवता, आणि बटण दिसले की दाबायचे ही सवय आपण आम्हाला लावली आहे. त्या सवयीचा फायदा दुसऱ्याने घेतला की मग आपण आम्हाला सतर्कतेचा उपदेश करता.

दुसरी तक्रार ओटीपीची. ‘आम्ही कधीही ओटीपी मागत नाही’ हे आपले वाक्य असत्य आहे. आपला माणूस पार्सल घेऊन दारात येतो आणि पहिला शब्द बोलतो तो ‘मावशी, ओटीपी सांगा’ हाच. तो बिचारा आपल्याच नियमाने मागतो, त्याला दोष नाही. पण शेजारच्या खोलीतल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूंनी मला विचारले, ‘अगं, मग कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही?’, तेव्हा मला त्यांना एका वाक्यात उत्तर देता आले नाही. जो शब्द बँकेच्या तिजोरीच्या किल्लीसाठी वापरला जातो तोच शब्द पार्सलाच्या पावतीसाठी वापरून आपण दोन्हींतला भेद पुसून टाकला आहे.

तिसरी तक्रार कळवण्याच्या व्यवस्थेची, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण या एका गोष्टीत आपण सहज बरेच काही करू शकत होता. पैसे गेले त्याच संध्याकाळी मी तो ईमेल आपल्याला दाखवायला निघाले. ॲपमध्ये ‘मदत’ या शब्दाखाली एक यंत्रमानव आहे. तो मला ‘आपल्या कोणत्या ऑर्डरबद्दल बोलायचे आहे?’ असे विचारत होता आणि माझी तक्रार कोणत्याच ऑर्डरबद्दल नव्हती. मिक्सर निवडला तेव्हा त्याने तो परत करण्याची सोय दाखवली. शेवटी सोमवारी, १३ तारखेला, तक्रार निवारण अधिकाऱ्यांचा ईमेल पत्ता आपल्या संकेतस्थळाच्या तळातल्या तळात सापडला. ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जे २०२० पासून लागू आहेत, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच चौथ्या दिवशी आली. निवारण महिन्याच्या आत झाले असे आपल्या नोंदीत दिसेल, कारण तक्रार बंद करणे यालाच आपण निवारण म्हणता.

मधल्या काळात काय झाले ते आपल्याला सांगते. ते खोटे पान मी रोज सकाळी चहा झाल्यावर भाच्याकडून उघडवून पाहत होते. ते २१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनापर्यंत, जसेच्या तसे चालू होते. अकरा दिवस. माझ्यानंतर किती जणांनी तिथे पंचवीस रुपये भरायला कार्ड काढले असेल याचा मी हिशेब करू शकत नाही. असे पान बंद करा असे त्या नावाची नोंदणी करणाऱ्या कंपनीला मीही कळवू शकते आणि कळवलेही. पण आपल्या ट्रेडमार्कशी साधर्म्य असलेले नाव कोणी नोंदवले तर ते काढून घेण्यासाठीच्या ज्या रीतसर प्रक्रिया आहेत, त्या ट्रेडमार्कच्या मालकासाठी आहेत. म्हणजे अधिकार आपल्याकडे आहे आणि सतर्क मी राहायचे आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत ज्या घटना तिला सहा तासांत कळवायच्या आहेत त्यांच्या यादीत फिशिंगही, म्हणजे अशा बनावट ईमेलने माहिती काढून घेणेही, आहे. माझा ईमेल मिळाल्यावर आपण तो कोणाला कळवला होता का, हा साधा प्रश्न मी दोनदा विचारला. उत्तर नाही.

इथे थोडे विषयांतर करते. पानिपतच्या १७६१ च्या लढाईनंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याची चौकशी पेशव्यांच्या दरबाराने केली. नाव दरबारातल्या माणसाचे होते, म्हणून शहानिशा दरबाराने केली. रयतेने आपापल्या दारात उभ्या राहिलेल्या भाऊसाहेबांचा चेहरा नीट निरखून घ्यावा, असे फर्मान निघाले नाही. आपल्या तोतयांच्या बाबतीत मात्र हे फर्मानच आपले एकमेव धोरण दिसते. कायद्यात तोतयेगिरीला शिक्षा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. पण शिक्षा व्हायला आधी माणूस सापडावा लागतो.

चौथी तक्रार तांत्रिक आहे आणि ती मी भाच्याकडून समजावून घेऊन लिहिते आहे. ईमेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ साली ठरली, आणि पोस्टकार्डावर जसे प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो तसेच तिच्यात होते. पाठवणारा तोच आहे का हे तपासण्याची सोय नव्हती. पुढे तीन उपाय आले. माझ्या नावाची पत्रे कोणत्या पोस्टातून निघतील याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ, पाकिटावरची लाखेची मोहोर म्हणजे डीकेआयएम, आणि यादी व मोहोर दोन्ही जुळली नाहीत तर पाकिटाचे काय करायचे याचा हुकूम म्हणजे डीमार्क. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले आहेत. पण डीमार्कचा हुकूम ‘फेटाळा’ असा असू शकतो, ‘संशयितांत टाका’ असा असू शकतो आणि ‘काहीच करू नका’ असाही असू शकतो. ही नोंद जाहीर असते, कोणालाही पाहता येते. आपल्या मुख्य पत्त्याचा हुकूम ‘फेटाळा’ असा आहे, हे मान्य करते आणि त्याबद्दल आपले कौतुकही करते. परताव्याचे ईमेल ज्या पत्त्यावरून येतात, त्याचा हुकूम ‘काहीच करू नका’ असा आहे. पैशांचा विषय जिथे निघतो तेच दार आपण उघडे ठेवले आहे. जोडरेघवाल्या नावाला डीमार्क अडवत नाही हे मला माहीत आहे, कारण ते नाव आपले नसतेच. त्यासाठी अशा नव्या नोंदणींवर लक्ष ठेवावे लागते, आणि ते काम करून देणाऱ्या कंपन्या आहेत.

पाचवी तक्रार छोटी आहे. आपली एकही सूचना मराठीत नाही. दिवाळीची जाहिरात मराठीत येते, ‘तयार आहात ना?’ असे आपण मला विचारता. धोक्याची सूचना मात्र इंग्रजीत आणि करड्या रंगात.

सहावी पार्सलावरच्या लेबलाची. त्यावर ईमेल नसतो, त्यामुळे माझ्या प्रकरणाशी मी त्याचा संबंध जोडत नाही. पण आमच्या चाळीत पार्सले तळमजल्यावरच्या शिंप्याकडे ठेवली जातात आणि रिकामी खोकी जिन्याखाली पडतात. प्रत्येकावर नाव, खोली क्रमांक आणि पूर्ण मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत. रद्दीवाल्याच्या हातात आम्ही दर महिन्याला ही यादी देत असतो.

हे सगळे अशक्य आहे, असे म्हणू नये. याच देशात दुसरीकडे हे झाले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, आधी नोंद न केलेली लिंक असलेले व्यापारी एसएमएस दूरसंचार कंपन्यांनी अडवायचे आहेत. एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर येते, ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ असेल तर सेवा, ‘टी’ असेल तर व्यवहार, ‘जी’ असेल तर सरकार. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ता ठरवून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितले, म्हणजे निदान बँकेच्या बाबतीत गावाचे नाव कोणते पाहायचे हे काकूंना सांगता येते. किरकोळ विक्रीच्या ईमेलला असा कोणताही वाली नाही, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहावे लागते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आपले सर्व ईमेल एकाच नावाच्या पत्त्यावरून यावेत आणि ते नाव आपण जाहीर करावे. ताऱ्यांची विचारणाही त्याच पत्त्यावरून करावी किंवा करूच नये.

पत्ता, शुल्क, परतावा आणि खाते यांविषयीच्या ईमेलमध्ये लिंक किंवा बटण नसावे. ‘ॲप उघडा आणि माझ्या ऑर्डर पाहा’ एवढेच वाक्य असावे, आणि ईमेलमध्ये लिहिलेला प्रत्येक मजकूर ॲपमध्येही दिसावा, म्हणजे जे ॲपमध्ये नाही ते खोटे, हे कोणालाही पडताळता येईल.

आपल्या प्रत्येक पत्त्याचा डीमार्क हुकूम ‘फेटाळा’ असा करावा.

दारावर मागितल्या जाणाऱ्या आकड्यांना ओटीपी म्हणणे बंद करावे. ‘पार्सल क्रमांक’ म्हणा, ‘पावतीचे आकडे’ म्हणा, काहीही म्हणा, पण बँकेचा शब्द बँकेला राहू द्या.

संशयित ईमेल कळवण्यासाठी एक ईमेल पत्ता असावा आणि तो पार्सलाच्या खोक्यावर छापावा. खोक्यावर जागा भरपूर असते. त्यावर कळवले की माणसाने लिहिलेले उत्तर ४८ तासांत यावे, खोटे पान बंद करण्यासाठी आपण काय केले ते कळवावे, आणि उघडकीस आलेल्या खोट्या पत्त्यांची यादी संकेतस्थळावर सर्वांना दिसेल अशी ठेवावी.

सूचना मराठीत द्याव्यात, जाहिरातीइतक्याच मोठ्या अक्षरांत. त्यांतून स्पेलिंगचा आणि कुलपाचा सल्ला काढून टाकावा आणि पत्ता कसा वाचायचा ते चित्र काढून दाखवावे. मजकूर तपासून हवा असेल तर तो मी विनामोबदला तपासून देईन.

लेबलावरच्या मोबाइल क्रमांकाचे मधले आकडे झाकावेत.

आणि १० ऑक्टोबरचा तो ईमेल आपण सर्ट-इनला कळवला होता का, कळवला असल्यास कोणत्या तारखेला, याचे उत्तर मला द्यावे.

मिक्सर ठरल्याप्रमाणे शनिवारी दुपारी आला. पत्ता अपूर्ण वगैरे काही नव्हते. आपला मुलगा सरळ तिसऱ्या मजल्यावर आला, ओटीपी मागून घेतला आणि गेला. तांदूळ तोवर आंबूस झाले होते, ते मी टाकून दिले.

या पत्राची एक प्रत आमच्या चाळीच्या फलकावर लावली आहे, आणि आपले उत्तर आले की तेही तिच्याशेजारी लावीन. त्यासाठी तीस दिवस थांबेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन. उत्तर शक्यतो टपालाने पाठवावे, पत्ता आपल्याकडे आहे आणि तो पूर्ण आहे. ईमेलनेच पाठवणार असाल तर कृपया त्यात बटण ठेवू नये.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
गिरगाव, मुंबई